दुपारचा हुंकार

भारत गेल्याचा फोन आला तेव्हा आई दुपारचं जेवत होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वच्छलाबाई. भारत त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा. तुरीची पोती पिकअपमध्ये भरून तो निर्मलच्या बाजाराला निघाला होता आणि नेरडीगोंड्याजवळ हायवेवर गाडी उलटली. आईंनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. तेव्हापासून त्यांनी दुपारचं जेवण सोडलं ते सोडलंच.

पुढचं ऐकून कुणाला वाटेल की तो कुठेतरी जिवंत असेल, म्हणून आधीच सांगते. तसं काही नाही. त्याला आमच्या अंगणात आणलं, मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. बासरला गोदावरीत अस्थी सोडल्या तेव्हा आई आणि मी दोघी पाण्यात उभ्या होतो.

घरात उरलो आम्ही दोघी. राजुऱ्याला माझा भाऊ आहे, पण तिथे भावजय आहे आणि भावजयीला तोंड आहे. तसं आईंचं आणि माझंही लग्नापासून कधी पटलं नाही. मी मीठ जास्त टाकते, त्या झाडू उभा ठेवतात, भांडायला रोज एक तरी कारण सापडायचं. पण त्या डोळ्यांदेखत वाळत चालल्या, तशी मला एकाच गोष्टीची धास्ती बसली. ही बाई गेली तर मला भांडायलासुद्धा माणूस राहणार नाही. गावात सगळे आपले आहेत, पण संध्याकाळी दार लावून घेतल्यावर आत कोण?

पुस्तक सापडलं ते भारतच्या पत्र्याच्या पेटीत. आमचं हे गाव सीमेपलीकडे, तेलुगू मुलखात, त्यामुळे तो तेलुगू शाळेत शिकला. मराठी वाचायला शिकला ते या एका पुस्तकावर, जे त्याच्या मामांनी आणून दिलं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळे नावही नाही. पण चार ओळी वाचल्या आणि मी ओळखलं. आमच्या राजुऱ्याच्या शाळेत मास्तर हीच गोष्ट सांगायचे. माधव नावाचा शाळकरी मुलगा लपून अंतराळयानात शिरतो, यान सुटतं आणि मग त्याला खाली आणायचा उपाय कुणालाच सापडत नाही. त्याची आई पृथ्वीवर रेडिओच्या खोलीत बसून त्याच्याशी बोलत राहते. यान जितकं लांब जातं तितकी त्याची उत्तरं उशिरा येतात. मास्तरांची मध्येच बदली झाली आणि शेवट काय झाला ते आमच्या वर्गात कुणालाच कळलं नाही.

"काय व थे?" आईंनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

"यानाचं पुस्तक हाय. वाचू का?"

"भारत वाचे मले. चुलीपाशी बसून वाचे. हुंकार नाही देला तं रुसे."

मी लगेच अट घातली. मी एक पान वाचणार, त्यांनी एक घास खायचा, आणि तोही दुपारी. त्या तोंड वाकडं करून बसल्या, पण बसल्या.

आमच्याकडे गोष्ट ऐकायची ती हुंकार देऊन. सांगणारा थांबला की ऐकणाऱ्याने "हुं" म्हणायचं, मगच गोष्ट पुढे सरकते. हुंकार आला नाही तर सांगणाऱ्याने तोंड मिटावं, कारण मग ती गोष्ट भलताच कोणी ऐकत असतो, असं जुनी माणसं सांगतात. आई या बाबतीत फार शिस्तीच्या. वाक्य संपलं रे संपलं की त्यांचा हुंकार ठरलेला, मग तोंडात घास असो नाहीतर नसो.

शेजारच्या जयवंताबाई वांगी द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांचा भाजीचा मळा आहे, आणि गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते वांग्यांच्या निमित्ताने त्यांना कळतं.

"भर दुपारी गोष्ट? काऊन व पूनम? दिवसा गोष्ट सांगतली का वाटसरू वाट चुकते ना."

हे मलाही ठाऊक होतं. लहानपणी दिवसा गोष्ट मागितली की आजी म्हणायची, नको, मामा वाट चुकेल. मला नेहमी वाटायचं की पोरांनी दिवसा कामं करावीत म्हणून मोठ्यांनी काढलेली ही युक्ती आहे.

"गोष्ट नाही वो जयवंताबाई, पुस्तक हाय हे. सायन्सचं."

"पुस्तकाले चालते?"

"चालते," मी ठोकून दिलं. तशीही आमच्या घरातलं आता कोणी वाटेवर नव्हतं, असं मी धरून चालले होते.

यान चंद्राच्या पुढे गेलं ती दुपार मला आठवते. उन्हाळ्याचे दिवस, शेतं रिकामी, गल्लीत चिटपाखरू नाही. मी वाचलं, "माधवने मागे पाहिलं. त्याचं घर, त्याचं गाव, त्याचा देश, सगळं आता एका निळ्या ठिपक्यात मावत होतं." आईंनी "हुं" म्हटलं. आणि त्यांच्या पाठोपाठ अंगणातून आणखी एक "हुं" आला.

मला वाटलं जयवंताबाईच असतील. उठून पाहिलं तर अंगणात ऊन होतं आणि वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. परत येऊन बसले. आईंचा घास गालात तसाच थांबला होता. मी पुढचं वाक्य वाचलं.

भारतचा हुंकार शेवटी जरा वर चढायचा. फोनवरसुद्धा तसाच. ऐकलं, पण अजून पुढचं सांग, असा. मी त्यावरून त्याला चिडवायचे. अंगणातला हुंकार तसाच शेवटी वर चढत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाक लवकर उरकला.

यान लांब लांब गेलं तसा तो हुंकार मागे पडत गेला. आधी आईंच्या पाठोपाठ यायचा. मग मी पुढचं वाक्य वाचून संपवलं की मागच्या वाक्याचा यायचा. मग पान उलटल्यावर. एकदा तर पुस्तक मिटून मी भांडी घासायला घेतली होती तेव्हा आला, कुंपणापलीकडून, अगदी बारीक. हातातलं पातेलं तसंच धरून मी उभी राहिले. माझा नवरा मला ऐकत होता आणि लांब चालला होता. मला रडू येत होतं, आणि त्यातच कुठेतरी बरंही वाटत होतं.

आई मात्र सुधारल्या. एका घासाची अर्धी भाकरी झाली, अर्धीची अख्खी. गालांवर जरा मांस दिसू लागलं. एकदा तर मला म्हणाल्या, "थोडं सावकाश वाच, त्याले ऐकू याले येळ लागते." इतकं साधेपणाने, जसं काही तो मळ्याच्या त्या टोकाला उभा आहे.

मग ते प्रकरण आलं. यान काळ्या धुळीच्या एका ढगात शिरतं. आत ना दिशा ना तारा. बाहेर पडतं तेव्हा माधवला वाटतं की आपण पुढेच चाललो आहोत, पण ढगात कुठेतरी यानाचं तोंड फिरलेलं असतं. तो वाट चुकलेला असतो. यान पृथ्वीकडे निघालेलं असतं.

हे मी मोठ्याने वाचून गेले आणि मग मला जयवंताबाईंचं बोलणं आठवलं. मी थांबले. आईंनी हुंकार दिला. दुसरा हुंकार मी पान उलटायच्या आतच आला.

त्या दिवसापासून तो जवळ येऊ लागला. कुंपणावरून अंगणात आला, अंगणातून ओसरीवर. उशीर कमी कमी होत गेला. एका दुपारी त्याचा आणि आईंचा हुंकार एकदमच आला, आणि तो दाराच्या चौकटीतून आला. तिथे कोणी नव्हतं. चौकटीपलीकडे लख्ख ऊन होतं, इतकं की डोळे बारीक करावे लागत. अंधारात भीती वाटली तर माणूस दिवा लावतो. उजेडात भीती वाटली तर काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आई पाणी आणायला परसात गेल्या तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि चौकटीकडे पाहून म्हटलं, "उद्या वांकिडीचा बाजार हाय."

"हुं."

"भारत हाय का?"

"हुं."

"का भारत नाही तू?"

"हुं," तसाच, शेवटी वर चढलेला. पुढचं सांग, असा. त्याला मी काय विचारते ते कळतच नव्हतं. त्याला फक्त गोष्ट हवी होती, आणि गोष्ट जिकडे जाईल तिकडे तो येत होता.

जयवंताबाई त्याच आठवड्यात वांग्यांचा डबा परत न्यायला आल्या आणि आईंच्या आग्रहाने क्षणभर टेकल्या. मी वाचत होते. हुंकार आला. जयवंताबाईंनी आधी आईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, मग चौकटीकडे. डबा न घेताच उठल्या. दारातून जाताना त्यांनी लुगडं आवरून धरलं आणि अंग चोरून एका बाजूने निघाल्या, उंबऱ्यावर कोणी बसलं असलं की आपण निघतो तशा. अंगणात पोचल्यावर म्हणाल्या, "पूनम, गेलेल्या माणसाले पुढं जाचं असते व. त्याले घरी नको बोलावू." पुन्हा काही त्या आल्या नाहीत. डबा अजून आमच्याकडेच आहे.

शेवटचं एकच प्रकरण उरलं तेव्हा सकाळीच मी पुस्तक घेऊन शेतात गेले आणि पळसाखाली बसून ते एकटीने वाचलं, मनातल्या मनात. यान माधवच्या गावाबाहेर उतरतं. दार उघडतं, शिडी खाली येते. पण माधवला उतरता येत नाही. इतका काळ तिकडे काढल्यावर पृथ्वीची हवा त्याला चालत नाही. मग त्याची आई शिडी चढते. एकदाही मागे न पाहता वर जाते, दार बंद होतं आणि यान दोघांना घेऊन निघून जातं. लिहिणाऱ्याने हा आनंदाचा शेवट म्हणून लिहिला असणार. शाळेत असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पळसाखाली मी पुस्तक फटकन मिटलं आणि भराभर घराकडे निघाले.

घरी आले तर आईंनी अंगण सारवलेलं. न्हाऊन, केस विंचरून, आमच्या लग्नात घेतलेलं हिरव्या काठाचं लुगडं त्या नेसल्या होत्या. माझ्या हातात चावी दिली.

"ज्वारीच्या कोठीची हाय. तुयापाशी ठेव."

"काऊन? तुमी कुठं चालल्या?"

"कुठं जातो मी? ठेव म्हटलं तं ठेव." मग ताट पुढे ओढून म्हणाल्या, "आज संपते ना पुस्तक?"

वाचायचंच नाही, असं मनात आलं होतं. पण मग तो उंबऱ्यावर बसून राहिला असता, ना आत ना बाहेर, आणि आई त्याच्यासाठी उपाशी राहिल्या असत्या. पुस्तक मी सुरू केलं होतं. मी बसले आणि उघडलं.

त्या दुपारी हुंकार माझ्या वाक्याच्या पुढे धावत होता. मी "यान" म्हणायचे आणि "हुं" आधीच यायचा. आता तो चौकटीत नव्हता. आत होता, आईंच्या ताटाच्या पलीकडे, मी हात लांब केला असता तर लागला असता इतक्यावर. आईंनी आपला पाट जरा सरकवला, जागा करून दिली. त्यांचा चेहरा इतका सुखी होता की मला त्यांचा राग आला. माझाही नवरा होता तो. मी नव्हते का कुणी?

यान उतरलं. हुं. दार उघडलं. हुं. शिडी खाली आली. दोन्ही हुंकार एकदम आले, आणि आईंनी जमिनीला हात टेकला, उठायला टेकतात तसा.

पानावर लिहिलं होतं की माधवच्या आईने शिडीवर पाय ठेवला. मी नजर पानावरच ठेवली आणि वाचलं, "माधवची आई शिडीपाशी थांबली. ती म्हणाली, बाळा, तू वाट चुकलास."

हुंकार आला नाही. ना आईंचा, ना त्याचा. बाहेर कुठे कावळासुद्धा ओरडत नव्हता. हुंकार नसला की थांबायचं असतं, पण मी थांबले नाही.

"ती म्हणाली, तुझी वाट इकडे नाही. तुला पुढे जायचं होतं. भर दुपारी गोष्ट सांगून आम्हीच तुला चुकवलं. मी आले असते तुझ्याबरोबर, पण घरी तुझी बायको आहे." पुस्तकातला माधव शाळकरी पोरगा, त्याला कुठली बायको? पण तोंडातून निघून गेलं आणि मग मला आवरेना. "तिला दुसरं कोणी नाही. ती मीठ जास्त टाकते, उलट बोलते, पण तिला एकटीला टाकून मला येता येत नाही. तू जा. पोचलास की हुंकार दे."

मला पुढे अक्षर दिसेना. आई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, फोन आला त्या दिवशी होता तसाच. त्या तो ताटात ठेवतील असं मला वाटलं, आणि ठेवला असता तर सगळं संपलं असतं. आमच्या दोघींच्या मध्ये कोणीतरी वाट पाहत होतं, कुणीकडे जायचं म्हणून. मग आईंनी तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला.

"हुं," त्या म्हणाल्या.

आम्ही थांबलो. मी घाबरत घाबरत पुढचं वाक्य रचलं. "यानाचं तोंड फिरलं." आईंनी हुंकार दिला, आणि जरा वेळाने तो दुसरा आला, चौकटीतून. "गाव मागे राहिलं." आईंचा हुंकार, मग त्याचा, अंगणाच्या कडेहून. "पृथ्वी लहान लहान होत गेली." आईंनी "हुं" म्हटलं तेव्हा त्यांचा आवाज फुटला. त्याचा यायला एवढा वेळ लागला की मधल्या काळात माझा चहा उकळून झाला. तो शेतांच्याही पलीकडून आला, वांकिडीच्या रस्त्याच्या बाजूने. नेहमीसारखा शेवटी वर चढलेला.

पोचलास की हुंकार दे, याचं उत्तर मात्र आलं नाही. आम्ही उन्हं उतरेपर्यंत ऐकत बसलो.

"पुस्तकात असं नाही," आई म्हणाल्या.

"तुमाले कसं ठाऊक?"

"किती खेप वाचलं त्यानं मले. थे माय शिडी चढते." चहाची कपबशी त्यांनी खाली ठेवली. लुगड्याच्या हिरव्या काठावर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाजीत मीठ जास्त झालं व आज."

"मंग उद्या तुमी करा," मी म्हटलं, आणि उठून चुलीकडे तोंड करून मनसोक्त रडले.

दुपारचं जेवण त्या आता न सांगता जेवतात. पुस्तक मी परत पेटीत ठेवलं, तेलुगू पुस्तकांच्या खाली. दिवसा मी कुणालाच गोष्ट सांगत नाही. जयवंताबाईंच्या नातवंडांनी हट्ट केला तरी नाही.

दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघी कापूस वेचायला शेतात होतो. दुपारी पळसाखाली भाकरी सोडली. आई मिरचीचा ठेचा काढून देत होत्या आणि मी पाटाच्या पाण्यावरून शेजाऱ्याला शिव्या घालत होते. एकाएकी त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मान तिरकी करून, डोळे मिटून, त्या ऐकत राहिल्या. मीही कान दिले. कापसाच्या बोंडांवरून वारा जात होता. लांब रस्त्यावर एक लॉरी चढ चढत होती. तेवढंच.

आईंनी डोळे उघडले. भारत गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"पोचला व थो," त्या म्हणाल्या.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे पाहत थांबल्या होत्या.

"हुं," मी म्हटलं.